ताणाने डोकं दुखतं तेव्हा: पहिल्यांदाच नीट समजून घेणाऱ्यांसाठी

"मला कसलंही टेन्शन नाही," असं मी डॉक्टरांना ठासून सांगत होते. त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले आणि हलकेच खाली दाबले. खांदे चांगले दोन बोटं खाली गेले. ते वर चढलेले होते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

त्याआधीची तीन वर्षं मी दुखण्याचं मूळ भलतीकडेच शोधत होते. चष्म्याचा नंबर दोनदा तपासून झाला. सायनस असेल म्हणून वाफा घेऊन झाल्या. उशी तीनदा बदलली. पर्समध्ये, टेबलाच्या खणात आणि उशाशी अशी गोळ्यांची पाकिटं तीन ठिकाणी ठेवलेली, कारण दुपारी चारच्या सुमारास डोकं धरणार याची खात्रीच असायची. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. या वाटेवर जिथे जिथे ठेचकाळले त्या जागा तुम्हाला दाखवाव्यात, एवढाच हेतू.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ताण मनात शोधू नका, अंगात शोधा. "मला काळजी कशाची आहे?" या प्रश्नाला मला कधीच धड उत्तर मिळालं नाही. "आत्ता माझे दात एकमेकांवर दाबलेत का?" याचं उत्तर मात्र दर वेळी मिळतं, आणि बहुतेक वेळा ते "हो" असतं.

हाताशी काय हवं

- खिशात मावेल अशी वही आणि पेन. मोबाइलवरही नोंदी करता येतात, पण डोकं दुखत असताना स्क्रीन नकोशी होते. म्हणून मी कागदाच्या बाजूची.
- शेकायची पिशवी आणि एक छोटा टॉवेल.
- घरात असलेल्या सगळ्या वेदनाशामक गोळ्या, एकाच डब्यात. आत्ताच गोळा करा. किती निघतात ते पाहून दचकायला होईल.
- डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर: चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, अलीकडचा रक्तदाब, चष्म्याचा शेवटचा नंबर.

१. आधी धोक्याची लक्षणं पडताळा

ताणाची डोकेदुखी जीव नकोसा करते, पण जिवावर उठत नाही. तिच्यासारखी भासणारी काही दुखणी मात्र जिवावर उठू शकतात. खालीलपैकी काहीही असेल तर हा लेख इथेच सोडा आणि डॉक्टर गाठा. पहिल्या चारांत तर थेट तातडीच्या विभागात जा.

- वीज कोसळावी तसं एकदम सुरू झालेलं, मिनिटभरात असह्य झालेलं दुखणं.
- सोबत तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, एका बाजूच्या हातापायातला जोर जाणं, दोन-दोन दिसणं, फिट येणं, भान हरपणं.
- ताप, आणि मान इतकी ताठ की हनुवटी छातीला टेकवता येत नाही.
- डोक्याला मार बसल्यानंतर सुरू झालेलं किंवा वाढत चाललेलं दुखणं.
- पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. त्यात केस विंचरताना कानशिलं दुखत असतील, घास चावता चावता जबडा दुखून थांबावं लागत असेल किंवा नजर अंधूक होत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज आली असेल आणि उपचार लांबले, तर नजर कायमची जाऊ शकते.
- खोकलं, शिंकलं, वाकलं की वाढणारं किंवा झोपेतून उठवणारं दुखणं.
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं. तसंच कर्करोगाचे किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण असाल तर कुठलीही नवी डोकेदुखी.

यातला मोठा सापळा जुन्या रुग्णांसाठी आहे. "माझं नेहमीचंच आहे" ही सवय लागली की वेगळं दुखणंही आपण नेहमीच्याच खात्यात टाकतो. नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, की ते नेहमीचं नाही असंच धरून चाला.

२. "दुखतंय" सोडून दुसरं क्रियापद शोधा

डॉक्टरांसमोर बसलं की आपण "डोकं दुखतं" एवढंच म्हणतो. वास्तविक मराठीत दुखण्याला शब्दांचा तोटा नाही. ठणकतंय? ठसठसतंय? सणक जाते? की आवळल्यासारखं झालंय, जड झालंय, कवटीला कुणी घट्ट पट्टा बांधलाय? हा शब्दच्छल नाही. निदान बरंचसं याच शब्दावर होतं, कारण ताणाची डोकेदुखी दाखवणारी रक्ताची चाचणी नाही की फोटो नाही.

ताणाची डोकेदुखी आवळते. ती बहुधा दोन्ही बाजूंना असते: कपाळ, कानशिलं, मानेची मागची बाजू. सौम्य किंवा मध्यम असते; कामं होतात, फक्त सगळं ओझं ओढत केल्यासारखी होतात. जिना चढल्याने ती वाढत नाही. उलटी होत नाही, मळमळही नाही. उजेड किंवा आवाज यांपैकी एखादी गोष्ट खुपू शकते, दोन्ही एकदम नाही. एक दौरा अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकू शकतो.

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन ठणकते. बरेचदा एकाच बाजूला, नाडीच्या ठोक्याबरोबर. उपचार केले नाहीत तर ४ ते ७२ तास. हालचाल केली की वाढते, मळमळतं, उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात.

तिसरी, तुलनेने दुर्मीळ, क्लस्टर डोकेदुखी, ती भोसकते: एकाच डोळ्याभोवती असह्य कळ, त्याच डोळ्यातून पाणी, नाक चोंदलेलं, आणि माणूस स्वस्थ बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो. पंधरा मिनिटं ते तीन तास. ही असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका.

एकाच माणसाला यातल्या दोन असू शकतात. मलाही वर्षातून दोन-तीनदा अर्धशिशी होते, आणि ती ताणाचीच समजून मी मान चोळत बसायचे. दोघींचे उपचार वेगळे, म्हणून हे वेगळं करणं गरजेचं.

आता लोक हमखास ज्यांच्यावर आळ घेतात ते तिघे. रक्तदाब: तो १८०/१२० च्या आसपास किंवा वर गेल्याशिवाय सहसा डोकं दुखवत नाही, किंचित वाढलेल्या रक्तदाबावर खापर फोडू नका (तो तपासत मात्र राहा). सायनस: ताप, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, वास न येणं असलं काही नसेल तर "सायनसची डोकेदुखी" म्हणून घेतलेली बरीचशी दुखणी अर्धशिशीची निघतात. चष्मा: चुकीच्या नंबराने डोळे शिणतात, त्यामुळे एकदा तपासून घ्या, पण एकदाच. माझ्यासारखं दोनदा नको.

नावाबद्दल थोडं. १९८८ साली आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने वर्गीकरण केलं तेव्हा हिला "ताण-प्रकारची डोकेदुखी" म्हटलं. "प्रकारची" हे शेपूट जाणूनबुजून लावलेलं, कारण दोष नेमका स्नायूंचा की मनाचा यावर एकमत नव्हतं. त्याआधी तिला "स्नायू आखडल्याची", "मानसिक ताणाची" आणि चक्क "साधी डोकेदुखी" अशीही नावं होती. साधी! हे नाव ठेवणाऱ्याचं महिन्यातले अठरा दिवस कधी डोकं दुखलं नसावं.

आत काय घडतं ते ढोबळमानाने असं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते भोवतालच्या आवरणांना, रक्तवाहिन्यांना, कवटीवरच्या आणि मानेच्या स्नायूंना. ते स्नायू तासन् तास ताठ राहिले की तिथल्या वेदनेच्या नसा हुळहुळ्या होतात. हे महिनोन् महिने चाललं की मज्जारज्जू आणि मेंदूतली वेदनेची यंत्रणाच हळवी होऊन बसते, आणि एरवी जाणवलाही नसता इतका दाबही दुखणं म्हणून नोंदवला जातो. "काही कारण नसताना दुखतं" असं जुने रुग्ण म्हणतात ते यामुळे. ते ढोंग करत नसतात.

३. चार आठवडे वही लिहा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. "डायरी लिहून डोकं थांबतं का?" असं मी विचारलंही होतं. थांबत नाही. पण वहीशिवाय पुढची एकही पायरी धड पडत नाही.

दर दौऱ्याला एक ओळ. रकाने एवढेच:

- तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ
- क्रियापद (आवळणं, ठणकणं, जडपणा...) आणि ० ते १० पैकी आकडा
- त्याआधीच्या चार तासांत केलेल्या गोष्टी
- गोळी: कुठली, किती, केव्हा
- आदल्या रात्रीची झोप, तासांत

तिसऱ्या रकान्यात भावना लिहू नका. "खूप टेन्शन होतं" ही नोंद निरुपयोगी आहे. महिन्याभराने तिच्यातून काही कळत नाही. "सलग तीन तास खुर्चीत, जेवण लांबलं, दोन व्हिडिओ कॉल" ही कामाची नोंद. माझ्या वहीतली एक ओळ जशीच्या तशी देते: "मंगळ, ४.१०, आवळणं, ४. सकाळी ११ पासून हिशेब जुळवणं, उठले नाही. पाणी नाही. ५०० ची एक, ४.३०. झोप ५॥."

महिनाअखेरीला मोजलं तेव्हा दुखण्याचे अठरा दिवस निघाले. मला कुणी विचारलं असतं तर मी "आठवड्यातून दोन-तीनदा" म्हणाले असते. शिवाय दोन नमुने दिसले. पहिला अपेक्षित होता: हिशेब जुळत नसण्याचे दिवस. दुसऱ्याने मात्र चकवलं. रविवारी कामाचा काही संबंध नसताना सकाळी दहाच्या आसपास डोकं जड व्हायचं. एरवी माझी पहिली कॉफी सकाळी सातला. रविवारी उशिरा उठायचे, ती अकराला. आदल्या संध्याकाळी पाचचा शेवटचा कप धरला तर मध्ये सतरा-अठरा तास. रोजचं कॅफीन तुटलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, हे मला तेव्हा समजलं. म्हणजे रविवारचा ताण नव्हताच, रविवारची तलफ होती! कॉफी रोज ठरल्या वेळी आणि हळूहळू कमी केल्यावर रविवार सुटले. एकदम बंद करू नका, नाहीतर आठवडाभर डोकं धरून बसाल.

महिन्याच्या बेरजेचा अर्थ असा लावतात: सरासरी एका दिवसाहून कमी, तर क्वचितची, १ ते १४ दिवस, तर वारंवारची, तीन महिन्यांहून जास्त काळ दरमहा १५ किंवा अधिक दिवस, तर जुनाट. पहिल्या गटात असाल तर पाचवी आणि सहावी पायरी पुरे. तिसऱ्यात असाल तर सगळं करा, पण आठवीपासून सुरू करा.

सापळे: आठवड्याची वही रविवारी बसून आठवून भरणं (सगळं चुकतं), आणि वहीचीच धास्ती घेणं. अर्ध्या मिनिटात लिहून होत नसेल तर तुम्ही जास्त लिहिताय.

४. दुखण्याच्या जागा बोटांनी शोधा

तर्जनी आणि मधलं बोट जोडा. बोटांची पेरं जागेवर टेकवून, कातडीवरून न घसरवता, छोट्या वर्तुळात चार-पाच सेकंद दाबा. डॉक्टरही साधारण असंच तपासतात. प्रत्येक जागेला ० ते ३ गुण द्या: ० काही नाही, ३ म्हणजे "आई गं".

कपाळावर, भुवयांच्या जरा वर. मग कानशील: बोटं ठेवून दात आवळा, बोटांखाली जो फुगतो तो स्नायू. तसंच जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाच्या खाली दोन बोटं पुढे; दात आवळले की तिथे गाठ उभी राहते. नंतर कवटी जिथे संपते आणि मान सुरू होते तिथे, मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत. शेवटी मान आणि खांदा यांच्यामधला जाड स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे दाबू नका.

माझं जबड्याच्या कोपऱ्यावर दोन्हीकडे ३ आलं. मला अपेक्षा होती मानेची. रात्री दात खाते हे मग दंतवैद्यांनी दातांची झीज पाहून सांगितलं. तुमचेही गुण जबड्यावर जास्त असतील, सकाळी उठल्या उठल्याच कानशिलं दुखत असतील, तर त्यांना दाखवून घ्या.

५. दुखायला लागल्यावर पहिला अर्धा तास

आकडा २-३ असतानाच पकडा. सहावर गेल्यावर यातलं निम्मंच लागू पडतं.

उठा. हे पहिलं आणि सगळ्यांत टाळलं जाणारं काम. "एवढं संपवून उठते" म्हणालात की तासाची निश्चिती. पाणी प्या, जेवण लांबलं असेल तर काहीतरी खा.

मग जबडा सोडा. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे हिरडीला टेकलेलं. जबड्याची ही विश्रांतीची जागा; वरच्या आणि खालच्या दातांत दोन-चार मिलिमीटर फट हवी. दात टेकायचे ते घास चावताना आणि गिळताना, एरवी नाही. मला हे चाळिशीत कळलं.

खांदे मुद्दाम कानांपर्यंत उचला, पाच सेकंद धरा, आणि एकदम सोडून द्या. तीनदा. त्यानंतर हनुवटी सरळ मागे घ्या, जणू दुहेरी हनुवटी करून दाखवताय, पाच सेकंद धरा, आठ-दहा वेळा. आरशात फार विनोदी दिसतं, पण कवटीखालचे ते दोन खळगे यानेच सैल पडतात. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. ते दिवसभर पुढे काढून बसल्यावर मागच्या स्नायूंनी तक्रार करायची नाही तर काय!

शेकायची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून मानेमागे पंधरा मिनिटं. काहींना कपाळावर गार पट्टी बरी वाटते. वाद नको, जे मानवेल ते. शेक चालू असताना श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं.

कपाळाला आणि कानशिलांना लावायला दहा टक्क्यांचं पेपरमिंट तेल मिळतं, ताणाच्या डोकेदुखीत त्याचा उपयोग अभ्यासांत दिसला आहे. डोळ्यांपासून लांब ठेवा आणि लहान मुलांना लावू नका.

दोन गोष्टी करू नका. एक, मोबाइल घेऊन आडवं होणं. मान तशीच वाकलेली, डोळे तसेच रोखलेले, याला विश्रांती म्हणत नाहीत. दोन, कुणाकडून तरी मानेला झटका देऊन कडाकड मोडून घेणं. क्वचित का होईना, त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर पडू शकते.

६. गोळी: किती घेता यापेक्षा किती दिवस घेता

गोळी घेणं म्हणजे हार नव्हे. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर घ्या, आणि घ्यायचीच तर पुरेशी घ्या.

निरोगी प्रौढांसाठी पॅरासिटॅमॉल एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम. दोन वेळांत किमान चार तास, आणि २४ तासांत जास्तीत जास्त ४००० मिलिग्रॅम. वजन ५० किलोहून कमी, यकृताचा आजार किंवा नियमित मद्यपान असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटॅमॉल असतं. पाकिटामागचं बारीक वाचा, नाहीतर नकळत दुप्पट होतं.

दुसरा पर्याय आयब्युप्रोफेन, २०० ते ४०० मिलिग्रॅम, शक्यतो खाल्ल्यावर. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, दमा, रक्त पातळ करणारं औषध, गरोदरपण यातलं काहीही असेल तर विचारल्याशिवाय नको. सोळा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. कोडीनसारख्या अफूवर्गीय गोळ्यांपासून या दुखण्यात लांबच राहा.

आता खरा सापळा, ज्यात मी वर्षभर होते. वेदनाशामकं फार दिवस घेतली की तीच डोकेदुखी निर्माण करू लागतात. साध्या गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफीन-कोडीन मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, की ही शक्यता धरायची. यात मोजायचे असतात दिवस, गोळ्या नाहीत. एका दिवशी दोन घेतल्या तर तो एकच दिवस. रोज अर्धी घेतली तर ते तीस दिवस. "मी अर्धीच घेते" असं मी अभिमानाने सांगायचे, आणि माझा घोळ तिथेच होता.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे त्या गोळ्या बंद करणं. साध्या गोळ्या एकदम थांबवतात. पण आधी डॉक्टरांशी बोला, आणि अफूवर्गीय किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर स्वतःहून मुळीच थांबवू नका. पहिले काही दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. हे माहीत नसलं की चौथ्या दिवशी माणूस हात टेकतो. मी पहिल्या खेपेला टेकले. दुसऱ्या खेपेला सुट्टी काढून बसले, सहावा दिवस फार वाईट गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की उठल्यावर कपाळ हलकं आहे.

आता माझी मर्यादा आठवड्याला दोन दिवस. सगळी पाकिटं एकाच डब्यात, डबा कपाटाच्या वरच्या फळीवर. तिथवर पोचायला खुर्चीतून उठावं लागतं, हात वर करावे लागतात. कधीकधी तेवढ्यानेच काम भागतं.

७. रोजची डागडुजी

सगळ्यांत जास्त उपयोग मला झाला तो एका जुन्या व्यायामाचा. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो बसवला. तत्त्व सोपं आहे: स्नायू ढिला कसा करायचा हे आपल्याला उमगत नाही, पण ताठ करणं जमतं, म्हणून आधी मुद्दाम ताठ करायचा आणि सोडताना फरक निरखायचा.

आडवे व्हा किंवा पाठ टेकून बसा. मुठी पाच-सात सेकंद आवळा, सोडा, वीस-तीस सेकंद नुसतं लक्ष द्या. मग दंड. खांदे. कपाळाला आठ्या. डोळे घट्ट मिटणं. दात (हळू, दुखेल इतके नाही). मान मागे उशीत दाबणं. पोट, मांड्या, पोटऱ्या. पंधरा मिनिटं लागतात. पहिला आठवडा मला काहीच कळलं नाही, एकदा झोपच लागली. दुसऱ्या आठवड्यात कपाळाच्या वेळी गंमत झाली: आठ्या घालायला गेले तर त्या आधीच होत्या. दुखणं नसतानाच्या दिवशी हे करायचं असतं. डोकं धरल्यावर पहिल्यांदाच करून पाहणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक रंगीत टिकली चिकटवा. नजर गेली की दात सुटे, खांदे खाली. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, सहा मीटरपलीकडे पाहा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. फोन खांदा आणि कान यांच्यात चिमटीत धरून बोलणं आजपासून बंद.

झोप सात तास, आणि सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तीच. भरभर चालणं किंवा कुठलाही घाम काढणारा व्यायाम, आठवड्यातले बरेचसे दिवस. याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, करायचं तेवढं राहतं.

८. डॉक्टरांकडे कधी आणि कसं जायचं

महिन्याला १५ किंवा जास्त दिवस दुखत असेल, गोळ्यांचे दिवस मर्यादेबाहेर गेले असतील, किंवा दुखण्यामुळे कामाला दांड्या पडत असतील तर जाच. वहीची पानं सोबत न्या आणि वर एका ओळीत बेरीज लिहा: "महिन्यात दुखण्याचे दिवस १८, गोळीचे दिवस १६, आवळणं, दोन्ही बाजू, सरासरी ४." मी तोंडी तीन वर्षं सांगत होते, आणि ही एक ओळ दाखवल्यावर दहा मिनिटांत विषय मार्गी लागला.

स्कॅनचा आग्रह धरू नका. पहिल्या पायरीतलं काही नसेल आणि तपासणीत सगळं ठीक असेल, तर त्याने सहसा नवीन काही कळत नाही. मी हट्टाने करून घेतला होता. नॉर्मल आला, आणि दोन दिवसांनी डोकं पुन्हा दुखलं.

जुनाट दुखण्यासाठी बहुधा अ‍ॅमिट्रिप्टिलीन सुचवतात, रात्री, १० मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवत. औषधासोबतच्या कागदावर "नैराश्यासाठी" असं वाचून बरेच जण ती पहिल्याच दिवशी फेकून देतात. इथे ती वेदनेची हळवी झालेली यंत्रणा शांत करायला, नैराश्याला देतात त्याहून कमी मात्रेत दिलेली असते. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते, बद्धकोष्ठता होऊ शकते. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत निकाल लावू नका. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. गोळ्या नको असतील तर फिजिओथेरपी, अ‍ॅक्युपंक्चर आणि विचारांच्या सवयींवर काम करणारं समुपदेशन हेही विचारा.

काही महिन्यांनी ते औषध कमी करायचा प्रयत्न करतात, तोही सावकाश. तोपर्यंत वहीचा कंटाळा आलेला असतो आणि आपण ती बंद केलेली असते. त्या महिन्यात ती पुन्हा काढा: मात्रा उतरवताना दुखण्याचे दिवस वाढताहेत का, हे आठवणीला विचारून कळत नाही.